आत्याजीचा शोध माहेरच्या कोतवाल बुकात लागला

एप्रिल 2025 मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर सुरू झाली, तेव्हा आमच्या गावातही चावडीवाचन झालं. मेलेल्या खातेदारांची नावं वाचायची आणि त्यांच्या जागी वारसांची लावायची, असं ते काम. बाबा 2023 मध्ये गेले, त्यामुळे मी सासरहून, म्हणजे धामणगावहून, मुद्दाम गेले होते. आमच्या वावराचा गट नंबर आला. बाबांचं नाव वाचलं, काकांचं वाचलं आणि पटवाऱ्यांनी तिसरं नाव घेतलं ते एका बाईचं. "हे कोन व्हय वो?" त्यांनी विचारलं. काका चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, "बाबाची बहीण असंल. मी तं कधी पाह्यली नाही."

म्हणजे माझ्या बाबांची आत्या. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, तिच्या घरच्यांची तशी इच्छा आहे. आम्ही तिला आत्याजीच म्हणतो. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यातून लग्न होऊन गेलेली ही बाई पुढं कुठं गेली, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सात-आठ महिने ते शोधलं. बायकांचा माग कागदात कसा काढायचा हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरीच पायपीट वाचली असती, म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

गावातल्या जाणत्यांचा सल्ला एकच होता, 'मयत, निर्वारस' असं शपथपत्र करून टाका. नव्वद वर्षांपूर्वीची बाई, कोण विचारायला येतं? मला ते पटेना. पुढंमागं कुणी उभं राहिलं तर खोट्या शपथपत्राखाली सही माझी आणि काकांची. मे महिन्यात अमरावतीला एका वकीलबाईंना भेटले. फी हजार रुपये, पण त्या अर्ध्या तासात डोकं स्वच्छ झालं. सात वर्षं ज्याची खबरबात नाही तो मयत समजता येतो, हे कलम पूर्वी पुरावा कायद्यात 108 होतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात 111 आहे. पण त्यानं माणूस मेला एवढंच ठरतं, त्याचे वारस मिटत नाहीत. दुसरी गोष्ट आणखी कामाची. बाईला बापाकडून मिळालेली जमीन ती गेल्यावर आधी नवऱ्याला आणि मुलाबाळांना जाते. मूलबाळ किंवा नातवंडं कुणीच नसतील तर ती नवऱ्याकडच्यांना न जाता बापाच्या वारसांकडे परत येते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 15 आहे हे. म्हणजे आत्याजीला लेकरं झाली का आणि झाली असतील तर ती कुठं आहेत, हे कळल्याशिवाय सातबारा पुढं सरकणार नव्हता.

जाता जाता वकीलबाईंनी विचारलं, "वडिलांच्या जागी तुमचंही नाव लागणार आहे, माहीत आहे ना?" माहीत होतं. पुण्याच्या भावानं फोनवर आधीच सांगून टाकलं होतं, "तू हक्कसोड करून देशीलच." बघू म्हटलं.

सुरुवात जुन्या फेरफारापासून, म्हणजे जमिनीवरचं नाव बदललं की होणाऱ्या नोंदीपासून केली. आजच्या सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो, त्याच्यावरून मागं मागं जायचं. अमरावती जिल्ह्याचे बरेच जुने अभिलेख स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर आलेले आहेत, तिथं तालुका, गाव आणि दस्ताचा प्रकार टाकून शोधता येतं. नांदगाव खंडेश्वर हा पूर्वी चांदूर तालुक्याचा भाग होता, हे ध्यानात ठेवावं लागतं. तालुका नवा असेल तर जुनं दप्तर बऱ्याचदा जुन्या तालुक्याच्या नावाखाली असतं. 1959 चा फेरफार मिळाला. पणजोबा 1958 मध्ये वारले होते आणि वारस म्हणून विधवा, मुलगा आणि 'मुलगी' असं म्हणून आत्याजीचं नाव. नवा कायदा येऊन तीनच वर्षं झाली होती, तरी त्या काळच्या पटवाऱ्यानं मुलीचं नाव सोडलं नाही. मला त्या अनोळखी माणसाचं फार कौतुक वाटलं. पण पुढं 'जौजे' अमुक, असं काहीच नाही. नवऱ्याचं नाव नाही, सासरचं गावही नाही.

मग नात्यागोत्यात विचारणं सुरू केलं. जुन्या लग्नांतल्या आहेराच्या वह्या कुणाकडे आहेत का, हेही विचारलं. एका घरी होती ती वाळवीनं खाल्लेली. कुणी म्हणे तिचं भावाशी भांडण झालं होतं, कुणी म्हणे ती लहानपणीच वारली. मेलेली असती तर 1959 च्या फेरफारात नाव कशाला आलं असतं? तोंडी माहिती घेताना कागद जवळ ठेवावा, नाहीतर आपणही वाहवत जातो.

त्यानंतर कोतवाल बुक. आमच्याकडे गावचा कोतवाल जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवायचा, त्या वह्या आता तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. साधा अर्ज, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प, गावाचं नाव आणि कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत पाहायचं ते. 'सगळी वही दाखवा' म्हटलं की कुणी उठत नाही, पाच-सात वर्षांचा टप्पा दिला की काम होतं. आणि जून-जुलैमध्ये जाऊ नका. तेव्हा प्रवेशासाठी जात पडताळणीवाल्या पोरांची आणि त्यांच्या बापांची एवढी गर्दी असते की आपल्या अर्जाला कुणी हात लावत नाही. मी नेमकी जूनमध्ये गेले. एका कार्यालयात (कुठल्या ते लिहीत नाही) 'साहेब मीटिंगले गेले' हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की पुढं मी डबा घेऊनच जाऊ लागले.

विसाच्या दशकातल्या नोंदी मोडीत होत्या. मोबाइलवर फोटो काढू देत नाहीत, नक्कल घ्यावी लागते. अमरावतीत मोडी वाचून देणारे एक निवृत्त गुरुजी भेटले, पानाला तीनशे रुपये. त्यांनी वाचून दाखवलं आणि मी गार पडले. पणजोबांच्या नावापुढं 'मुलगी झाली', दोन वर्षांनी पुन्हा 'मुलगी झाली', पुन्हा तेच. मुलीचं नाव कुठंच नाही. जन्माच्या वेळी लेकराचं बारसं झालेलं नसे, त्यामुळे बापाचं नाव, जात, तारीख आणि मुलगा की मुलगी, एवढंच. यातल्या बहुतेक पोरी पुढच्या पानांवर मृत्यूच्या रकान्यात परत भेटल्या, तिथंही नावाविना. कारणाच्या रकान्यात 'ताप'. वाचलेली कोणती, हे त्यातून कळणार नव्हतं.

भाऊ पुण्याहून नाशिकला गेला होता, त्याला म्हटलं रामकुंडावर तीर्थोपाध्यायांकडे विचार. गाव आणि आडनाव सांगितलं की तिथं वही उघडतात हे ऐकून होते. आणि खरंच, आमच्या गावाची वही निघाली. आजोबा त्यांच्या आईच्या अस्थी घेऊन गेले होते, त्याची नोंद, खाली त्यांची सही आणि आधीच्या चार पिढ्यांची नावं. भावाला भरून आलं, तो व्हिडिओ कॉलवर बोलेचना. पण चार पिढ्यांत एकही बाई नाही. वंशावळीसाठी ती वही सोन्यासारखी आहे, पण लग्न होऊन गेलेली लेक आमच्या पानावर नव्हती.

जुलैत काम थांबलं. इकडे पेरण्या, दुबार पेरणीची धास्ती, माझ्या शिकवण्या. मी फाइल कपाटात टाकली.

पुढची वाट कुठं निघाली असेल तर माझ्या मुलीच्या कॉलेज प्रवेशात. तिच्या जन्मदाखल्याची नवी प्रत हवी होती आणि मी सवयीनं धामणगाव नगर परिषदेत निघाले होते. आई म्हणाली, "तिथं काऊन जातं? पोरगी तं इथं झाली ना, माहेरी." पहिलं बाळंतपण माहेरी. माझ्या मुलीची नोंद माझ्या माहेरच्या ग्रामपंचायतीत आहे, तिच्या बापाच्या नावानं, पत्ता धामणगावचा. मग आत्याजीच्या पहिल्या लेकराची नोंद कुठं असणार? तिच्या माहेरच्या कोतवाल बुकातच, आमच्याच गावच्या. मी पणजोबांच्या नावाखाली तिला धुंडाळत बसले होते आणि ती असणार होती परगावच्या जावयाच्या नावाखाली.

ऑगस्टमध्ये पुन्हा अर्ज केला, या वेळी 1940 ते 1955 च्या जन्मनोंदींसाठी. बाप दुसऱ्या गावचा आहे अशा नोंदी वेगळ्या काढायच्या होत्या. अशा नोंदी निघतात, कारण गावातल्या सगळ्याच लेकी बाळंतपणाला येत. जातीच्या रकान्यावरून निम्म्या गळाल्या. उरलेल्यांत एक होती 1946 सालची, बालबोध लिपीत, शाई तपकिरी पडलेली. बापाचं नाव, 'राहणार मौजा' म्हणून यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, 'मुलगा', आणि खबर देणाराच्या रकान्यात पणजोबांचं नाव, शेजारी अंगठा. दुसऱ्याच्या लेकराची खबर पणजोबा कशाला देतील? नातू झाला म्हणून गेले होते ते कोतवालाकडे. रेकॉर्ड रूममधल्या बाबूंना मी तो अंगठा दाखवला. ते म्हणाले, "हो बाई, नक्कल पाहिजे का?"

ते गाव बाभूळगाव तालुक्यातलं, बेंबळा प्रकल्पात गेलेलं. नकाशावर तिथं पाणी दिसतं. इथं बरेच जण हात टेकतात, म्हणून सांगते, गाव पाण्याखाली गेलं तरी मौजाचं दप्तर राहतं आणि माणसंही कुठंतरी वसवलेली असतात. भूसंपादनाचा निवाडा होतो, त्यात ज्यांची जमीन-घरं गेली त्यांची नावं असतात. तो माहिती अधिकारात मागता येतो. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानामागं दोन रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्ज दीडशे शब्दांत बसवा आणि 'सर्व माहिती द्यावी' असं मोघम न लिहिता गावाचं नाव, प्रकल्प आणि निवाडा एवढंच मागा. यादीत आत्याजीच्या नवऱ्याचं आडनाव असलेली काही घरं निघाली.

ऑक्टोबरात, सोयाबीन निघाल्यावर, आईला घेऊन पुनर्वसित गावात गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आई कुठंही यायला तयार असते. आखीव रस्ते, एकसारखे प्लॉट आणि झाडं अजून लहान. पहिल्या दोन घरी कुणी नीट बोललं नाही. तिसऱ्या घरी ओसरीवर एक बुढी शेंगा सोलत बसली होती. मी कागद काढायच्या आत आई तिच्या शेजारी बसली आणि शेंगा सोलू लागली. मग बोलणं निघालं. आत्याजी तिच्या चुलत सासऱ्याची सून होती. "काऊन वो बाई, इतक्या वर्सानं याद आली तुमाले तिची?" याला काय उत्तर देणार? आई म्हणाली, "आमाले माहीतच नव्हतं वो माय."

लेकरू वर्षाचं होऊन गेलं, मागोमाग नवराही. तेवीस-चोवीसची विधवा. "मंग तिनं पाट लावला. वर्धेच्या तिकडे, पुलगावले. मिलात होता तो मानूस." पाटाच्या, म्हणजे दुसऱ्या लग्नाच्या नवऱ्याचं आडनाव बुढीला आठवलं, नाव नाही.

पुलगाव! धामणगावहून रेल्वेनं वर्धा नदीचा पूल ओलांडला की पुलगाव. लग्न झाल्यापासून मी तिथं औषधाला, लग्नाला, सिनेमाला गेलेली आहे.

तरी आधी कागद पुरे केले. त्या बुडालेल्या गावच्या कोतवाल बुकातून 1947 ची लेकराची आणि 1948 ची नवऱ्याची मृत्यूनोंद काढली. हे महत्त्वाचं आहे, कारण तो मुलगा जगला असता तर त्याची लेकरंही आत्याजीची वारस ठरली असती. फक्त दुसऱ्या लग्नाची मुलं धरून वारसनोंद केली आणि पहिल्याचं काही निघालं, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पुलगावची कापडगिरणी बंद होऊन बरीच वर्षं झाली. पण गिरणीत काम केलेले म्हातारे अजून आहेत आणि पेन्शनच्या कामासाठी त्यांचं एकमेकांकडे जाणंयेणं असतं. आडनाव आणि 'बाई नांदगावकडची होती' एवढ्यावर त्यांतल्या एकानं नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं. मतदार यादीत शोधून काही झालं नसतं, कारण तिथं बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव असतं, बापाचं नाही. आता ते नाव हातात आल्यावर नगर परिषदेच्या जन्म-मृत्यू विभागात अर्ज केला. साल अंदाजे द्यावं लागतं, मी 1975 ते 1990 दिलं. 1984 मध्ये तिचा मृत्यू नोंदलेला होता. दाखल्यावर असते त्याहून जास्त माहिती मूळ नोंदवहीत असते, कारण मृत्यूची खबर देणाऱ्याचं नाव-पत्ता तिथं लिहिलेला असतो. नातं आणि कारण अर्जात स्पष्ट लिहा आणि मूळ नोंद पाहायची आहे असं नीट सांगा. मला ते नाव वाचून दाखवलं गेलं. खबर देणारा तिचा मुलगा होता.

मुलगाही आता हयात नव्हता. त्याची दोन मुलं आणि एक मुलगी, म्हणजे आत्याजीची नातवंडं, होती. मी सरळ दारात गेले नाही. पत्र लिहिलं, स्पीड पोस्टानं. मी कोण, आत्याजी आमची कोण, 1959 च्या फेरफाराची आणि 1946 च्या नोंदीची झेरॉक्स, आणि पहिल्याच परिच्छेदात हे की तिच्या नावावर वावर आहे आणि तुम्ही त्याचे वारस आहात. भाऊ म्हणत होता जमिनीचं आत्ताच सांगू नको. मी सांगितलं, कारण ते मागाहून कळलं असतं तर त्यांनी आमचा एक शब्दही खरा मानला नसता.

तीन आठवडे काहीच नाही. मग फोन आला, मोठ्या नातवाचा. आवाज तुटक. "तुमी वावराच्या पायी आल्या ना?" मी हो म्हटलं. वावराच्या पायीच हे निघालं होतं. तो जरा वेळ थांबला आणि म्हणाला, "आमच्या बुढीनं कधी माहेराचं नावच नाही काढलं."

डिसेंबरात काका, आई आणि मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आपला एक वकील मित्र बोलावून ठेवला होता. शहाणपणाच केला, मीही तेच केलं असतं. त्यानं कागद उलटसुलट तपासले. चहा दुसऱ्यांदा आला तेव्हा नातीनं आतून फोटो आणला, आत्याजी खुर्चीत बसलेली, नाकात मोठी नथ, आणि कपाळाची ठेवण थेट काकांची. काकांनी तो फोटो हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. ती माहेराशी का तुटली, हे त्यांनाही ठाऊक नाही.

वारसनोंदीला लागलं ते असं: आत्याजीचा, तिच्या नवऱ्याचा आणि मुलाचा मृत्यूदाखला, वंशावळीचं शपथपत्र, पहिल्या लग्नाच्या दोन्ही मृत्यूनोंदींच्या नकला, नातवंडांची आधारकार्डं. अर्ज ई-हक्क प्रणालीवर केला, पण पटवाऱ्यांना मूळ कागदही नेऊन दाखवले. बाबांच्या वारसांचा अर्ज सोबतच टाकला, आई, भाऊ आणि मी. नोटीस निघून हरकतीचे पंधरा दिवस गेले, कुणी हरकत घेतली नाही आणि जानेवारी 2026 मध्ये मंडळ अधिकाऱ्यांनी दोन्ही फेरफार प्रमाणित केले. नकला, मोडी वाचन, वकील, नोटरी, एसटी सगळं धरून दहा-बारा हजार गेले असतील. सर्वांत जास्त पैसा झेरॉक्सवाल्यानं खाल्ला असं माझं मत आहे.

हक्कसोडीचा पाचशेचा स्टॅम्प भावानं आणून ठेवला आहे. मी अजून सही केलेली नाही.

आता पुढचं काम जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटणीचं. त्याला सगळ्या सहखातेदारांची संमती लागते. पुलगावचा नातू म्हणाला, या वर्षीचा मक्ता काकांकडेच राहू द्या, हिश्शाप्रमाणे पैसे द्या, आणि तुरी निघाल्या की बसू.